तुटायला हवा असा दोरा

५ जानेवारी, सोम.
सासू झोपली की वही काढायची. आज आत्यांचा डोळा लवकर लागला.
गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय, कामाचा ढीग. पैंजणं रिठ्याच्या पाण्यात भिजत घातलीत. ह्यांनी दुकानातून आणखी एक पिशवी पाठवली, काळी पडलेली चांदी सगळी. चांदी घासायची, मणी ओवायचे, मणी ओवायचे, चांदी घासायची.
जुळे सोलापूरची बाई परत आली. चांदीचं मंगळसूत्र, सोन्याचं पाणी दिलेलं. मणी रुमालात बांधून. दिवाळीनंतर मीच ओवून दिलं होतं, नाताळात परत ओवून दिलं, आज पुन्हा तुटून आलं. आत्या तिच्यादेखत मला म्हणाल्या, "दोरा कसला वापरतीस गं?"
दोरा चांगलाच होता. झिजून तुटला की टोक पिंजारतं. हा हिसक्यानं तुटलाय.
ती म्हणाली, या खेपेला तार घाला, घरच्यांना सारखं तुटलेलं चालत नाही. बोलताना पदर सरकला. मानेवर मागं लाल रेघ, मण्यांच्या ठशांची. मी बघितलं. मी बघितलेलं तिनं बघितलं.

६ जाने.
आत्यांना विचारलं, तुम्हाला दिसलं का? म्हणाल्या, "दिसलं की. आपल्याला काय करायचंय?"

७ जाने.
तार कापून समोर ठेवलीय. हात लावावासा वाटत नाही. तार तुटणार नाही, हे खरं. मग ओढल्यावर काय होणार? तार गळ्यात रुतणार.
साधा सुती दोरा घेतला. मागं अडकवायचा फासा असतो तिथं पीळ थोडा सोडवून ठेवला. जरा ताण आला की तिथंच तुटेल, मणी सांडतील, मान सुटेल. माहेरी वळसंगला ओवायला शिकले तेव्हा आई सांगायची, गाठ अशी मार की माणूस म्हातारं होईल पण गाठ सुटणार नाही. आणि मी हे करतेय.

९ जाने.
ती घेऊन गेली. आत्या पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात सांगितलं, तार नाही घातली, मुद्दाम. ती म्हणाली, "बरं केलंत." नाव वैशाली. नवरा नोकरीवाला, फ्लॅट आहे, शेजारीपाजारी सगळे त्याला चांगलाच समजतात.

१४ जाने., संक्रांत
गल्लीतल्या सगळ्या गड्ड्याला गेल्या. मी घरी. हे म्हणाले, गर्दीत तुझं काय काम, दुकानाचा माल उद्या द्यायचाय. वळसंगला जाऊन येऊ का विचारलं. "कशाला? आईलाच बोलव की हिकडं." आई गुडघ्यानं जागची उठत नाही, हे ह्यांना माहीत आहे.
मला कुणी मारत नाही. ह्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नाही. मग दार उघडं असताना सुद्धा मला

२० जाने.
वैशाली नाही आली. तिचा नवरा दुकानात गेला. ह्यांना म्हणाला, तुमच्या घरचं काम कच्चं, मणी घरभर झाले. हसत हसतच म्हणाला म्हणे, आणि तुटलेलं मंगळसूत्र तिथंच ठेवून गेला. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. आत्यांनी काय ते ओळखलं.

२१ जाने.
हे समोर बसले आणि माझ्याकडून त्यात तार घालून घेतली. मी म्हटलं, त्या बाईच्या मानेला बघा एकदा. म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या घरात आपण शिरायचं न्हाय. दुकानाचं नाव जातंय." शांतपणे म्हणाले.
तार घातली. शेवटी फाशाची कडी जोडायची होती, तेव्हा ह्यांचा फोन आला, उठले. कडी नुसती दाबून ठेवली, जोडली नाही. वरून कळत नाही.
 

२९ जाने.
वैशालीचं काही कळलं नाही. चांदी घासतेय. कडी सुटली नसली तर? मी ती फार घट्ट तर दाबली नाही ना?

४ फेब्रु.
आत्यांनी आपण होऊन विषय काढला. ती बाई आली न्हाय परत, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. जरा वेळानं म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीचा पण गळा असाच असायचा. आमी समदे बघायचो." उठून देवाजवळ गेल्या.

१० फेब्रु., मंगळ.
वैशाली आली. गळा मोकळा. नवऱ्यानं ओढल्यावर कडी उघडली. त्यानं हातात आलेलं मंगळसूत्र खिडकीतून फेकलं आणि ही तशीच दारातून खाली उतरली, चप्पल न घालता. मावशीकडं राहते आता.
पोलिसात तक्रार द्यायची आहे. मावशी म्हणते, पुरावा काय? शेजारचे कुणी बोलायला तयार नाहीत. "तुम्ही वळ बघितलाय," ती म्हणाली. "तिथं येऊन सांगाल?"
मी हो म्हटलं. विचार न करता. उद्या अकराला ती रिक्षा स्टँडवर थांबणार.
ती गेल्यावर आत्यांना सांगितलं. तांदूळ निवडत होत्या. "त्याला इचारलंस?" नाही म्हटलं. ताटातले खडे बाजूला काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "हिरवी साडी नेस. ती धुतलेली हाय."

११ फेब्रु.
हिरवी साडी नेसले. ह्यांना सकाळी सांगितलं, कुठं आणि कशाला ते सगळं.
रोज दहाला दुकान उघडतात. आज गेलेले नाहीत. खुर्ची दारात ओढून पेपर वाचत बसलेत. पान उलटल्याचा आवाज मघापासून नाही. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या आहेत, माझ्याकडं बघत नाहीत, ह्यांच्याकडं बघतायत.
अकराला थोडा वेळ आहे. ती येऊन उभी असेल.
खुर्ची आणि चौकट यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढी जागा आहे. पदर खोचून घेतला तर.