लोखंड गुंफलेली साखळी

मी, बिराप्पा अर्जुना गोरड, मूळचा माण तालुक्यातला, सध्या सांगलीत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा, कोणाच्याही दबावाशिवाय आणि डोकं ताळ्यावर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. उद्या माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. अक्षर वेडंवाकडं आलं आहे ते भीतीने नव्हे, घाईने.

राहतं घर पत्नी हरणाबाई हिचं. ती सांगलीतच राहील. धाकटा भाऊ नाथाजी तिला गावी नेऊ म्हणेल, त्याने नेऊ नये. माळाची जमीन आणि मेंढरं त्याची. "खडं उकळून काय मिळवलंस?" असं तो भर पंगतीत म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही. तरीही त्याचीच.

आता जे उकळलं त्याविषयी. कार्बनच्या दोन कड्यांमध्ये लोखंडाचा एक अणू, अशा घटकांची लांब साखळी मी तयार केली. दिसायला प्लास्टिकसारखी, पण आयोडीनची वाफ दिली की तिच्यातून किंचित वीज जाते. मीटरचा काटा पहिल्यांदा हलला तेव्हा हरणाबाई डबा घेऊन आली होती.

"आवं, ह्यावर दिवा लागंल का?"

"न्हाई."

"मग एवढं हसताय कशाला?"

मी डबा बाजूला ठेवला आणि काट्याचा आकडा वहीत लिहून घेतला.

पदार्थविज्ञान शिकवणारे भाऊसो खोत मात्र स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "गोरड, तुमच्या साखळीत ओल राहिलीय. वीज त्या पाण्यातनं जातीया." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. नंतर वाळवून पुन्हा मापलं. कधी काटा हलतो, कधी ढिम्म. का, ते कळत नाही, आणि त्यामुळे झोप उडाली आहे.

म्हणून काचेची उपकरणं, पंप आणि पदार्थाची बाटली मी भाऊसो खोत यांनाच देतो. त्यांनी पूर्ण वाळवून मापावं आणि जे दिसेल ते त्याच स्टाफरूममध्ये मोठ्याने सांगावं.

एवढं लिहून मी आज वकिलांना आणि खोतांना घरी बोलावलं व खोतांना हे वाचायला दिलं. वाचून ते खिडकीशी उभे राहिले. मग वकिलांना विचारलं, "साक्षीदाराला ह्यातलं काय मिळतं का?"

वकील म्हणाले, "मिळू नये. पुढं वाद होतो."

"मग मी साक्षीदार. बाटली मला नको. तुमी परत या गोरड, दोघं मिळून वाळवू."

"आणि न्हाई आलो तर?"

"सही करा आधी."

आम्ही पुष्कळ भांडलो. ते ऐकत नाहीत. त्यांच्या नावचं कलम मी खोडलेलं नाही. त्यांनी साक्षीदार होऊन बाटली नाकारणं मला मुळीच मान्य नाही, तरी सही करतो.

सही : बिराप्पा अर्जुना गोरड

आमच्यादेखत सही झाली. साक्षीदार :
१. दादासो आकाराम लाड, शेजारी
२. भाऊसो सयाजी खोत, रा. इस्लामपूर

सांगली, ९ ऑक्टोबर १९७८