तिसरा ठोका

१२ नोव्हेंबर १९६९
आज बोटीवर रुजू झालो. समुद्र पाहून आधी हसूच आलं. एवढं पाणी, आणि बरसीमच्या एका वाफ्याला उपयोग नाही! माझा वरिष्ठ बय्यूमी, त्याला सगळे रईस म्हणतात, म्हणजे तांडेल. मला बघताच त्याने विचारलं, काय रे शिहाता, म्हैस कुठे बांधून आलास? सगळे हसले, मीही हसलो.

काम सोपं आहे. शत्रूचे पाणबुडे पोहत येऊन बोटीच्या तळाला सुरुंग चिकटवतात. ते फिरकू नयेत म्हणून दुपारच्या नमाजापासून रोजा सुटेपर्यंत मी थोड्याथोड्या वेळाने स्फोटाच्या दारूचा डबा पाण्यात सोडायचा, तो खाली जाऊन फुटतो. खाली आपलाच पाणबुड्या असेल, तर तो पान्याने तळावर दोन ठोके मारतो. ते ऐकले की हात आवरायचा. रहाटामागे उन्हात म्हैस हाकण्यापेक्षा हे बरंच बरं.

१५ नोव्हेंबर
आईचं पत्र आलं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. धाकटा मबरूकही आरमारात भरती झालाय, पाणबुड्यांच्या शाळेत. कालव्यात बुडी मारून हा लवकर वर यायचा नाही, आणि आई काठावर ऊर बडवायची. आता सरकारच त्याला बुड्या मारायला लावणार! आई म्हणते, चार पोरं पुरली, तुम्ही दोघेच उरलात. त्याच्यावर लक्ष ठेव. तिला वाटतं समुद्र म्हणजे आमचं रान, बांधावर उभं राहिलं की तो दिसेल.

१८ नोव्हेंबर
आज खालून दोन ठोके आले. मी थांबलो. रईसने येऊन माझ्या कानाखाली वाजवली. खाली कुणी नाही, म्हणाला. वर तीस माणसं आहेत, त्यांना मारतोस का? मी कुराणाची शपथ घेऊन सांगितलं की ठोके आले. त्याचा चेहरा उतरला. तसाच वळून गेला.

स्वयंपाक्याने सांगितलं. माझ्या जागी आधी जुमआ होता. बोटीच्या तळाशी पाणी कापणाऱ्या पंख्यात दोर अडकला म्हणून खाली गेला. ठोके मारत होता, आणि वर रईस पेंगत होता. पेंगत पेंगतच त्याने डबा सोडला. जुमआला वर काढायला बादली लागली.

२१ नोव्हेंबर
रोज. सूर्य टेकला की बरोबर. ठक ठक. थांबलो तर मार, सोडला तर—

शेवटी गावचं शहाणपण कामी आलं. आमच्या कालव्यातली हडळ, नद्दाहा, माणसाला नावाने हाक मारते, पण दोनदाच. तिसरी हाक तिला जमत नाही, ती जित्या माणसाचीच. म्हणून गावात तिसऱ्या हाकेशिवाय कुणी ओ देत नाही. आता मी तिसऱ्या ठोक्याची वाट पाहतो. येत नाही. डबा सोडतो. रईस खूश आहे. म्हणतो, शेतकऱ्याचा खलाशी झाला.

२४ नोव्हेंबर, दुपार
रईस सकाळपासून गालात हसतोय. म्हणाला, आज इफ्तारला तुझ्याकडे पाहुणा आहे. कोण, ते सांगेना. तू आपलं काम कर, तो येईल आपोआप वर, म्हणाला.

२४, सूर्यास्त
ठक ठक.
थांबलो. सावकाश तीन मोजले. नाही आला.
सोडला. डबा बुडत होता, आणि—
तिसरा. घाईने, जोरात.
आमच्या घरचा कुणी मारेल तसा.

२५ नोव्हेंबर
पंखा तपासायच्या निमित्ताने रईसनेच त्याला पाणबुड्यांच्या शाळेतून मागून घेतलं होतं. माझ्यासाठी. मला चकित करायचं होतं म्हणे. दोन ठोके ऐकून थांबशीलच असं वाटलं, म्हणाला. रडतोय. सगळे त्याचीच समजूत घालतायत.

पाना मबरूकच्या मुठीत तसाच होता. मूठ होती. बाकी—

आईला काय कळवू? लक्ष ठेवलं, असं?

२६ नोव्हेंबर
नवा माणूस येईपर्यंत डबे मीच सोडायचे. हुकूम आहे.
ठक ठक. ठक.
सोडला.

२७
तीन. आता रोज तीनच.
तिसऱ्याला ओ द्यायची असते. आईनेच शिकवलंय आम्हा दोघांना.
रईस ओरडतोय, कठड्यावरून उतर, वही टाक, खाली उतर—
उतरतोच आहे.
ओ रे. ओ, मबरू—