मशीनला विचारलं का कोणी?

दिनांक ३ फेब्रुवारी

माननीय प्राध्यापक बाईंस,

नमस्कार. या ठिकाणी ‘सप्रेम’ लिहिण्याचा प्रघात आहे, तो मला ठाऊक आहे. शब्द मुद्दाम गाळला आहे. माझी प्रकृती ठीक आहे. आपण विचारपूस केलीत म्हणून कळवतो; एरवी कळवण्याचे कारण नव्हते.

आपले पत्र पावले. आपण आणि माझे चिरंजीव दोन निरनिराळ्या विद्यापीठांत नोकरीस असून संख्याशास्त्र आणि डेटा सायन्स लोकांना कसे शिकवावे यावर मिळून संशोधन करता. आकडे वाचताना सामान्य माणूस कोठे घसरतो, हे आपण शोधता. त्यातून आता कॉलेजच्या शिक्षकांसाठी वर्ग सुरू होत आहे आणि पहिल्याच धड्यात माझी ध्वनिचित्रफीत दाखवण्यास आपणांस परवानगी हवी आहे. ती मिळणार नाही. पत्र येथेच संपवता आले असते. परंतु काम अर्धवट सोडण्याची मला सवय नाही, म्हणून कारणे देतो.

फितीखाली माझी ओळख ‘अल्पशिक्षित प्रौढ’ अशी दिली आहे. मी चौथी उत्तीर्ण आहे. पुढे छापखान्यात उभ्याने खिळे जुळवून जन्म काढला आणि अनेक विद्वानांची पुस्तके त्यांच्या चुका काढून छापली. अल्प कोणाच्या मानाने, हे आपण कोठेही लिहिलेले नाही. मोजमापावर पोट भरणाऱ्यांनी एवढे तरी लिहावे. आणि प्रौढ म्हणाल, तर मी प्रौढ नाही, म्हातारा आहे.

गेल्या वर्षी आपण दोघे कॅमेरा घेऊन माझ्या खोलीत आलात. आपण खुर्चीवर बसलात. चिरंजीव खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. आपण माझ्या मांडीवर एक आलेख ठेवलात. त्यात दोन रेघा पायऱ्यांसारख्या खाली उतरत होत्या. आपण म्हणालात, “आजोबा, कारखाना तुमचा आहे असं समजा. मशीन बिघडायला लागल्यात. वरची रेघ दुरुस्त केलेल्या मशीनची, खालची तशाच ठेवलेल्यांची. किती महिन्यांनी किती चालू राहिल्या, ते यात दिसतं. मग, करायची दुरुस्ती?”

“नको.”

“का बरं? वरची रेघ बघा ना.”

“बघितली. मशीनला विचारलं का कोणी?”

एवढेच संभाषण झाले. त्यानंतर आपण चहा घेतलात आणि चिरंजीवांनी घेतला नाही.

परवा माझ्या नातीने फोनवर आपल्या परिषदेचा कार्यक्रम लावला. म्हणाली, “आजोबा, तुम्ही तर फेमस झालात.” माझे शेवटचे वाक्य आपण फितीला शीर्षक म्हणून दिले आहे. ते उच्चारताच सबंध सभागृह हसले. एक गृहस्थ तर शेजाऱ्याच्या खांद्यावर कोसळले. माझा मुलगा हसताना दिसला नाही, कारण कॅमेरा त्याच्याकडे वळला नाही. परंतु तो हसलाच असेल. चारचौघांत मागे राहण्याचा त्याचा स्वभाव नाही. नात माझ्याकडे पाहू लागली, तेव्हा मीही हसलो. या वयात नातीसमोर नाटक करावे लागले, याचा दोष मी आपणांस देतो.

एक गोष्ट आपणांस ठाऊक नसावी. तो आलेख मी पाहताक्षणीच ओळखला होता. तो कोणत्याही कारखान्याचा नाही. कोठून आणला, हे आपण आपल्या सहकाऱ्यास विचारावे. मी सांगणार नाही.

संमती केव्हाही मागे घेता येईल, असे आपल्याच कागदावर छापलेले आहे. मी ती मागे घेत आहे.

आपला नव्हे, केवळ पत्रलेखक,
आपल्या सहकाऱ्याचे वडील


दिनांक १९ फेब्रुवारी

माननीय प्राध्यापक बाईंस,

नमस्कार. उत्तर तत्परतेने दिलेत, त्याबद्दल आभार. मजकुराबद्दल मानता येत नाहीत.

आपण चिरंजीवांस विचारलेत हे बरे केलेत. प्रथम त्याने “असाच कुठूनतरी घेतला” म्हणून टाळले, आणि मग मान खाली घालून सांगितले, की तो त्याच्या आईच्या दुखण्यातील रुग्णालयाचा आलेख आहे. रोगी पुसून त्याने मशीन लिहिल्या. आपणांस याची कल्पना असती तर आपण कॅमेरा घेऊन आला नसता, असे लिहिता. यावर मी विश्वास ठेवतो. आपण बोलताना डोळे चुकवले नव्हते, हे मी पाहिले आहे.

मात्र पुढच्याच ओळीत आपण पुन्हा मूळपदावर येता. “त्या वेळी रुग्णालयात वरच्या रेघेचा अर्थ तुम्हाला कळला होता का?” बाई, जखमेवर मीठ चोळताना तरी हात पुसून घ्यावेत. हाच प्रश्न माझ्या मुलाने मला त्याची आई गेल्यानंतर, जेवायला बसलो असताना, याच शब्दांत विचारला होता. मी ताटावरून उठलो. त्यानंतर आम्ही एकमेकांशी हवापाण्याचे आणि औषधांचे बोलतो. उत्तर मिळाले नाही, तेव्हा त्याने ते मशीनच्या नावाने, परक्या बाईच्या तोंडून काढून घेण्याचा घाट घातला. म्हणजे आपणही त्याच्या हातातील एक उपकरणच झालात. आपणांस याचा राग यावयास हवा. आला नसेल तर मला आश्चर्य वाटेल.

कळला होता. वरची रेघ शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची होती, आणि ती वर होती. आंधळ्यालाही दिसावी इतकी वर होती.

आमच्या कुटुंबाचा रोग घशाचा. डॉक्टर म्हणाले, आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचण्याचा संभव पुष्कळ, बोलणे कायमचे बंद. ते आलेख आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून बाहेर गेले. आता, आमचे कुटुंब कसे होते हे आपणांस माहीत असण्याचे कारण नाही. ती झोपेतही बोलत असे. भांडी घासताना भांड्यांशी, आणि ऐकायला कोणीच नसले तर नळाशी. मी दिवसाकाठी जेवढे शब्द बोलतो तेवढे ती दारातल्या भाजीवाल्याला उभे ठेवून संपवीत असे. तिने आलेखावर बोट फिरवले आणि म्हणाली, “माझी बोलती बंद करून मला ठेवणार? मग या घरात तुमचंच चालेल की. तेवढं सुख मी तुम्हाला देणार नाही.”

मी तिला समजावले, दटावले, शेवटी हात जोडले. हे आयुष्यात दुसऱ्या कोणासमोर जोडलेले नाहीत. ती बधली नाही. निर्णय तिचा होता.

मुलगा तेव्हा परक्या मुलखात डॉक्टरेटच्या परीक्षेत गुंतला होता. ती म्हणाली, “त्याला सांगा, तुम्हीच नको म्हणालात.” मी विचारले, “मी का म्हणून?” तर म्हणते, “जाताना तो माझ्यावर रागावलेला मला चालायचा नाही. तुमच्यावर काय, तो तसाही रागावलेलाच असतो.”

मी शब्द दिला आणि पाळला. मुलगा आला, तेव्हा तिला बोलणे जड जाऊ लागले होते, तरी ती तासन् तास त्याच्याशी बोलत बसे. माझ्याकडे तो पाहत नसे. त्याने मनाशी ठरवले, की चौथी शिकलेल्या बापाला रेघ वाचता आली नाही म्हणून आई गेली. तेथपासून तो ‘सामान्य माणसाला आकडे कसे शिकवावेत’ या विषयाच्या मागे लागला आहे. आपल्या संशोधनाचा पाया काय, हे आपण कधी त्याला विचारले नसेल. तो पाया मी आहे, आणि तो खोटा आहे.

ही हकिकत कॅमेऱ्यासमोर सांगावी, म्हणजे धडा अधिक परिणामकारक होईल, असे आपण सुचवाल. आपल्या पत्राचा रोख तिकडेच दिसतो. सांगणार नाही. आमचे कुटुंब आपल्या धड्याचे उदाहरण नव्हे. धड्यासाठी नवा म्हातारा शोधावा, पुष्कळ मिळतात. आणि यातील अक्षरही आपण माझ्या मुलास सांगू नये. शब्द मी दिलेला आहे. मोडायचा झाला तर मी मोडेन, आपण नाही.

आपल्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. फीत लागली की तो दरवेळी सभागृहाबाहेर जाऊन उभा राहतो आणि दिवे लागल्यावरच आत येतो. हे आपण ताजा कलम म्हणून, समासात लिहिले आहे. ते पहिल्या ओळीत लिहावयास हवे होते. मागील पत्रात तो हसला असेल असे मी म्हटले होते. ते वाक्य रद्द समजावे. बाकी पत्र कायम आहे.

उत्तराची अपेक्षा न ठेवणारा,
त्याचे वडील


दिनांक २० फेब्रुवारी

चिरंजीवास,

तुझ्या खोकल्याचे औषध संपले असल्यास वेळेवर आणावे. येथे सर्व ठीक. नातीची परीक्षा चांगली गेल्याचे तिने कळवले.

तुझ्या सहकारी बाईंना मी नकार कळवला आहे. तो तुलाही लागू आहे. तुझा पहिला धडा रिकामा राहील. राहू दे.

तू माझी परीक्षा घेतलीस, याचा मला संताप आहे आणि तो या पत्राने उतरलेला नाही. परीक्षा घ्यायची तर बापाच्या डोळ्यांत पाहून घ्यावी. खिडकीबाहेर पाहत, दुसऱ्याच्या तोंडून, आईच्या जागी मशीन मांडून घेऊ नये. तू एवढा शिकलास आणि प्रश्न मात्र चुकीचा काढलास. मला रेघ कळली होती का, हे तू दोनदा विचारलेस. त्या खोलीत दोन माणसे होती. दुसऱ्या माणसाविषयी तू आजवर एक अक्षर विचारले नाहीस.

रविवारी ये. बाईंना आणू नकोस, कॅमेरा आणू नकोस. समोर बस आणि आईविषयी विचार. मी एक शब्द दिलेला आहे, म्हणून आपणहून सांगणार नाही. परंतु तू सरळ विचारलेस तर मला खोटे बोलता येणार नाही, आणि हे तिलाही ठाऊक होते. ऐकल्यावर तुला राग येईल. तो तिच्यावर काढू नकोस, एवढी एकच अट आहे. ती मरणाला भ्यायली नाही, तुझ्या रागाला भ्यायली.

यापेक्षा अधिक कागदावर लिहिणे मला शक्य नाही.

तुझ्या रागाला सरावलेला,
बाप