भुताने मला आत्याबाई म्हटले

चिरंजीव मिचिनोरी यास आशीर्वाद.

धूर दिसला की अग्नी मानावा लागतो, हे मी मठात शिकले. म्हणूनच तुझ्या घरच्या भुताविषयी मला शंका आहे.

लेकीला मंत्र्यांच्या घरी दत्तक धाडायचे तू ठरवलेस आणि तिची आई, तुझी पत्नी सायाको, अंथरुणाला खिळली. भिक्षूंनी मंत्र म्हणून तिच्या अंगातले भूत दासी कोझुएच्या अंगात उतरवले. आपण तुझी दिवंगत पहिली पत्नी असल्याचे सांगून ते ओरडले, "पोरीला आईपासून तोडलंस तर वंश बुडवीन! आत्याबाई, सांगा याला!" तू तातडीने मंत्र्यांची गाडी परत पाठवलीस.

परंतु तुझी पहिली पत्नी माझ्या बहिणीची मुलगी. ती मला जन्मभर मावशी म्हणाली. आत्याबाई म्हणते ती सायाको, आणि तिचे ऐकून तिची दासी.

मी सायाकोला एकांतात जाब विचारला. ती म्हणाली, "आत्याबाई, मी रडून सांगत होते तेव्हा हे जांभया देत होते. मेलेली बाई एकदाच बोलली, तर कसे ताठ बसले!"

या युक्तिवादात मला दोष सापडला नाही. सबब हे पत्र तुला मिळणार नाही. उद्या तू विचारशील, तेव्हा आवाज माझ्या भाचीचाच होता, असे मी सांगेन.

तुझी आत्या,
भिक्षुणी म्योरेन