हवा न गळणारी खिडकी

७ एप्रिल
डॉक्टरांनी दादाचा एक्सरे उजेडात धरला आणि झापलं मला. "बहनजी, धुआँ और लू दोनों रोकिए, वरना ये गर्मी नहीं झेल पाएँगे." घरी येताना गल्लीत जागोजागी टेकत होता. मागच्या खोलीची खिडकी मणिकर्णिका घाटाच्या बाजूला, चितांचा धूर सरळ आत. कार्तिकात वहिनी त्याच खोलीत गेली, आणि दादा तिथेच झोपतो. खिडकीची चौकट फुगलेली, वर हा रोज दिवेलागणीला खिडकी चार बोटं उघडून बसतो. वहिनीसाठी लावलेला दिवा तेराव्यानंतरही चालूच आहे. बायको गेलेल्या भावाशी हुज्जत कोण घालणार.

१० एप्रिल
लंका बाजारातल्या खिडक्यांच्या दुकानात. प्रत्येक काचेवर लेबल. सेल्समन म्हणे, "यू वाला नंबर जितना ज़्यादा, उतना बढ़िया." जन्मभर इंटर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, गप्प कशी बसणार? यू म्हणजे उष्णता किती आरपार जाते. कमी तेवढं चांगलं. दुसरा आकडा उन्हाची धग किती आत येते त्याचा. तिसरा हवेच्या गळतीचा, खिडकी लावलेली असतानाही फटींतून किती हवा शिरते तो. आपल्याला मुख्य तोच हवा, अगदी कमीतला. शेवटी त्याने कॅटलॉग माझ्याच हातात दिला. "आप ही बेच लीजिए, मैडम."

१२ एप्रिल
जुन्या खिडकीची परीक्षा घेतली. घट्ट लावली, समोर उदबत्ती धरली. धूर वळून थेट दादाच्या खाटेकडे. बाहेरची हवा धुराला आत ढकलते, म्हणून. त्याला दाखवलं. म्हणाला, "कायमचीच बंद करायची का गं?"
नवीसुद्धा उघडता येते, म्हटलं, पण उघडायची नाही.
वहिनी शेवटच्या दिवशी "खिडकी उघडा" एवढंच म्हणत होती. तिने परत यावं म्हणून उघडतो तो. मला काय कळत नाही?

२१ एप्रिल
बसली एकदाची. दुहेरी काच, कडेने रबराची पट्टी, आतल्या दारालाही खालून पट्टी. मूठ फिरवली आणि घाट गप्प. खालून जाणाऱ्यांचं "राम नाम सत्य है" सुद्धा पुसट. मिस्त्री खूष. "बहनजी, अब इसमें से चींटी भी साँस नहीं लेगी." उदबत्तीचा धूर सरळ वर. फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी दादासाठी काही करता आलं.

२ मे
बाहेर लूच्या झळा, खोली गार. दादा आज स्वतः खाली उतरून दूध घेऊन आला. खोकला जवळपास नाही. मी शिरा केला. जेवताना म्हणाला, खोलीत जागा कमी झाल्यासारखी वाटते.
झोप लागते ना?
"मला लागते. तिला नाही."
शिरा मात्र संपवला त्याने.

९ मे
दिवेलागणीला ज्योत झुकली. पट्टीवरून बोट फिरवलं, फट नाही. पंखा बंद. आतलं दार लावलेलं. उदबत्ती आणली. धूर आडवा झाला आणि खिडकीकडे निघाला. वारा बाहेरून शिरला असता तर धूर आत वळला असता. हा बंद काचेकडे गेला आणि तिथे पसरला. पुन्हा केलं. तेच.
भीती वाटली. तरी दादाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, बघ, आली.
"येईल कुठून? गेलीच नाही ती." त्याने वात पुढे सारली. मग, "काशीत मेलेलं माणूस सुटतं म्हणतात. लोकांना काय सांगू? तिला बोलवायला नव्हतो गं उघडत. जा म्हणून उघडत होतो. रोज थोडी थोडी खिडकीजवळ सरकत होती. तेवढ्यात तू ही बसवलीस."
सांगायचं नाही का आधी, म्हटलं. म्हणाला, तू किती खुशीत होतीस.

१० मे
वारा मणिकर्णिकेकडून. काचेबाहेर समोरची गच्ची दिसेना इतका धूर. दादाचा श्वास मात्र तरुण माणसासारखा.
काचेवर आतून वाफ धरली आहे. वैशाखात, एवढ्या कोरड्या हवेत, बाहेरून तापलेल्या काचेवर. कारण सापडत नाही. एवढासाच गोल, माझ्या खांद्याच्या खाली. वहिनी तेवढीच उंच होती. पुसला. पुन्हा धरला.
दादा खाटेवर उठून बसलाय, पंचा तोंडाला लावून. "एकदाच उघड." उघडली तर हा धूर सगळा त्याच्या छातीत. आणि ती गेली, तर हा तरी मागे कशाला राहील?
वारा फिरला की उघडू, म्हटलं.
"मला नको सांगूस. तिला सांग."
काचेजवळ गेले. मुठीवर हात ठेवला. वहिनी, म्हटलं. वारा फिरेपर्यंत थांब, मग उघडते.