पाटीवरचा नंबर

घाटंजी, मंगळवार, संध्याकाळ

कापसानं यंदाही मार दिला. पंपाच्या जळालेल्या मोटारी कोणी माह्या दुरुस्तीच्या दुकानात आणेना. फोनचा खर्च तरी वाचवावा, म्हणून मावसभाऊ सलीमले विचारलं. तो म्हणे, "भाईजान, सामानासाठी नागपूरले इंटरनेटवरून बोला, स्वस्त पडते. हा फोन कायले ठेवता? माह्या नावावर करून द्या." मी सही केली. अब्बांनी दुकानाच्या पाटीवर रंगवलेला त्याच फोनचा नंबर पुसायचं सुचलंच नाही. काहून?

आज गिऱ्हाईक म्हणे, फोनवर तुम्हीच मोटार घेऊन बसस्टँडजवळ बोलावलं ना? मी इंटरनेटवरून पाटीवरचा नंबर लावला. आवाज तुटत होता. सलीमच होता तो, पण त्यानं मले ओळखलं नाही. मी विचारलं, "कोण बोलून राह्यलं?"

"रहीम मिस्त्री," म्हणे.

माहं नाव.