शिरेतली दारं

४ नोव्हेंबर, सोमवार

सविते, तुला आई हाय हे आधी सांगते. तुज्या डोक्याचा भरवसा न्हाई. मागल्या खेपेला माजा म्हणून शेजारणीचा चष्मा घेऊन आलीस. तर ऐक, तुज्या भाच्यानं, ओंकारनं, मला परंदवडीहून लोणावळ्याला आणलं. घर झकास. खिडकीत डोंगर, आणि नातसून ऋचा चहात साखर घालायला कचरत न्हाई. मला अक्षर येत न्हाई म्हणून ओंकारनं फोन दिलाय. मी बोलते, फोन लिवतो. काय वाटतं ते रोज बोल, आत्याला पाठवतो म्हणाला.

६ नोव्हेंबर, बुधवार

आज दुखऱ्या गुडघ्यात सुई. ओंकार भुलीचा डॉक्टर. आपल्याकडं भूल रानातली भुतं देत्यात, हितं माजा नातू देतो, म्हटलं. लय हसला. मग समजावलं. शिरेला बारकी दारं असत्यात. सांगावा आला की एका दारानं मीठ आत शिरतं, मग दुसऱ्यानं पोटॅशियम बाहेर पडतं, तवा शीर पुढल्या सांगाव्याला मोकळी. बाकीची औषधं जास्त करून आत यायचं दार लावत्यात. त्याचं नवं औषध बाहेर जायचं लावतं. दुखतं का, विचारलं. खरंच न्हाई, सविते. मी त्याच्यावरनं बोटं मोडली.

९ नोव्हेंबर, शनिवार

अंघोळीला बसले. ऋचा ओरडली तवा कळलं, पाणी कढत होतं. पायाची कातडी सुटली. ओंकार पळत आला आणि विचारलं, दुखतं का. मलम लावायच्या आधी विचारलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बधिरपण कमरेच्या वर आलं. हात बी माजे न्हाईत. दारं कधी उघडणार, विचारलं.

"आजी, तेच तर बघायचंय."

ऋचा रडत म्हणाली, हे औषध अजून कुणा माणसाला दिलंच नव्हतं. माज्या नातवानं — मी बोटं मोडली त्याच्यावरनं —

१३ नोव्हेंबर

तुला यातलं काही पोचलंच न्हाई. विसरभोळी हाईस, पण आली असतीस.

ओठ लाकूड झालेत. जीभ गेली की मी गेले. मला लिवता कुटं —

आज बी विचारलं, दुखतं का. आज व्हय म्हटलं. कुटं, म्हणाला. मी त्याच्याकडंच बघत —

सविते, ठेचा धाड. लवंगी मिरचीचा. दाणे घालू नको, तेल नको, नुस्ता — जिभेला लागतो का ते —